तोच असणार

१२ जानेवारी

ताई,

आधी बातमी सांगतो, बाकीचं मागून. मला वकिलाचं काम मिळालं. हो, मलाच! सतरा वर्षं या नाटक मंडळात मी दार उघडणारा नोकर झालो, तार आणणारा पोस्टमन झालो, एकदा तर पडद्यामागून नुसता खोकलो. या वेळी मास्तरांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शेवटची अकरा मिनिटं तुमची."

नाटक मास्तरांनीच लिहिलंय. (दिवसा ते शाळेत भूमिती शिकवतात, म्हणून नाटकातही सगळे सरळ रेषेत चालतात.) समुद्रापलीकडून कामाला आलेला एक काळा मजूर. गोदामाला आग लागते. समोरच्या घरातली एक बाई सांगते, मी त्याला पळताना पाहिलं. पुरावा तेवढाच. शेवटी त्याचा वकील, म्हणजे मी, उठतो आणि प्रेक्षकांनाच ज्युरी समजून बोलतो. भाषण संपलं की प्रेक्षकांनी हात वर करून निकाल द्यायचा, सोडा किंवा अडकवा. मास्तरांनी दोन्ही शेवट लिहून ठेवलेत.

आता तू. लहानपणी तू धुणं वाळत घालताना माझं पाठांतर ऐकायचीस आणि चुकलो की ओला टॉवेल पाठीत बसायचा. टपालाने टॉवेल मारता येत नाही, पण जीभ तर आहे. फोनवर सांगू नकोस, फोनवर मी नुसता हं हं करतो. लिही. भाषणाचा गाभा असा:

"सभ्य स्त्री-पुरुषहो! या माणसाचा गुन्हा एकच, त्याची कातडी! निसर्गाने प्रत्येकाच्या नसांतून एकच लाल रक्त खेळवलं आहे. ती साक्षीदार बाई धडधडीत खोटं बोलते आहे, कारण तिच्या मनात वर्णद्वेषाचं विष आहे. आज तुम्ही याला शिक्षा दिलीत, तर ती अखिल मानवतेला शिक्षा ठरेल!"

तू ज्युरीत आहेस असं समज. सोडशील त्याला?

तुझा छोट्या


२१ जानेवारी

छोट्या,

अभिनंदन. बेचाळिसाव्या वर्षी का होईना, तुला तोंड उघडायला मिळालं.

आता टॉवेल. नाही, मी नाही सोडणार. अखिल मानवता म्हटलं की माझं लक्ष पंख्याकडे जातं. आणि त्या बाईला खोटारडी का म्हणतोस? तिचं त्या मजुराशी भांडण होतं का? नव्हतं. मग ती खोटं कशाला बोलेल? कामावरून दमून आलेली बाई, खिडकीशी उभी, दिसलं ते सांगितलं. तू तिच्यावर ओरडलास की ऐकणारे तिच्या बाजूला जातात. मी तरी गेले.

हे मी उगाच बोलत नाही, कारण सध्या मीच साक्षीदार आहे. सोळा तारखेला आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत भयंकर प्रकार झाला. आमचे हजेरीबाबू तुला आठवतात? तू हॉटेल बघायला आला होतास तेव्हा त्यांनी तुला मागच्या दाराने आत घेतलं होतं. ते मागच्या जिन्याखाली पडलेले सापडले. डोकं फुटलेलं. अजून शुद्धीवर आलेत न आलेत, बोलत नाहीत. कोणीतरी ढकललं असं पोलिसांचं म्हणणं. त्याच सुमाराला मी आमच्या डांबऱ्याला मागच्या दारातून जिन्याकडे जाताना पाहिलं होतं. डांबऱ्या म्हणजे ड्रायरवर नवा आलेला, बाहेर देशातला. नाव काहीतरी लांबलचक आहे, आम्ही सगळे डांबऱ्याच म्हणतो, तोही हसतो. मी जबानी दिली, दुसऱ्या दिवशी त्याला नेलं.

लोक म्हणतात मी धीराची. मी तर नुसती सही केली.

भाषण सुधारून पाठव. आणि त्या बाईला जरा मान दे.

ताई


२९ जानेवारी

ताई,

हजेरीबाबूंचं वाचून वाईट वाटलं. किती अदबीने बोलायचे. तू पुढे होऊन सांगितलंस, बरं केलंस.

तुझं पत्र मी तालमीत वाचून दाखवलं. (लाँड्रीचा भाग वगळून.) मास्तर म्हणाले, "तुमच्या बहिणीला मंडळात घ्या, तुम्ही गेलात तरी चालेल." आम्ही बाईला खोटारडी म्हणणं काढून टाकलं. त्या जागी मी माझ्या दुकानातलं काहीतरी घातलंय. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं नजर तपासण्यात गेली, ते कधी नव्हे ते उपयोगी पडलं. ऐक:

"मंडळी, या बाई खोटं बोलत नाहीत. नजर तपासायला येणारी माणसं पाहा. पाटीवरची शेवटची ओळ दिसत नसते, तरी ती वाचतात. ती फसवत नसतात. धूसर दिसलं की मन उरलेलं अक्षर भरून काढतं, आणि जे अक्षर मनात आधीपासून असतं तेच भरतं. बाईंना धुरात एक आकृती दिसली. बाकीची त्यांनी भरून काढली. त्यांनी रंग पाहिला, माणूस पाहिला नाही."

शेवटच्या वाक्याला साक्षीदाराचं काम करणारी आमची टेलिफोन ऑपरेटर बाई म्हणाली, अंगावर काटा आला.

आता तू खरीखुरी साक्षीदार आहेस, तर मला एक मदत कर. पोलिस जबानी घेतात म्हणजे नेमकं काय करतात? मास्तरांनी ते सगळं अंदाजाने लिहिलंय. कुठे बसवतात, काय विचारतात, कोण लिहितं? अस्सल काहीतरी दे.

तुझा छोट्या


९ फेब्रुवारी

छोट्या,

तुला अस्सल हवं ना, घे.

कपडे मोजायच्या खोलीत बसवलं. बसायला चादरींचा गठ्ठा. अधिकारी उभा, हातात पॅड. त्याने विचारलं, "जिन्याकडे कोण गेलं?" मी म्हणाले, "ड्रायरवरचा माणूस गेला. निळं जॅकेट होतं." तो म्हणाला, "ड्रायरवर तिघं आहेत. तो बाहेरचा होता का? काळा?" मी म्हणाले, "हो, तोच असणार." त्याने लिहिलं. मग वाचून दाखवलं, "मी त्यास ओळखते, तोच होता." आणि पेन पुढे केलं. बाहेर पन्नास ट्रॉल्या खोळंबलेल्या. मी सही केली. झालं.

हे तुझ्या नाटकात घालायचं नाही. सांगून ठेवते.

आणि आता तुझ्या त्या काटा आणणाऱ्या वाक्याबद्दल. रंग पाहणं हा काय गुन्हा आहे? डोळे आहेत, रंग दिसणारच. मी कोणाचा द्वेष करत नाही. पहिल्या आठवड्यात त्याने डबा आणला नव्हता, तेव्हा मी त्याला माझ्या डब्यातलं दिलं होतं. बाकीच्यांनी तर त्याच्या शेजारी बसणंसुद्धा टाळलं. द्वेष करणारी बाई डबा देते का? तुझ्या वकिलाला विचार.

ड्रायरवरच्या बाकीच्या दोघांची घरं मला माहीत आहेत. एकाच्या मुलीच्या लग्नाला मी जाऊन आले. ते असं करणार नाहीत. मग उरतो कोण?

तुझ्या वकिलाला बोलायला काय जातं! घरी जाऊन तोंडाचा रंग पुसला की झालं.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

रागावणार आहेस, माहीत आहे. तुझं पत्र मास्तरांनी माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं. बाकीच्यांना नाव-गाव काही कळू दिलं नाही, पण त्यांनी ते वाचून वही उघडली आणि उभ्या उभ्या भाषणाचा शेवट नवा लिहिला. काल तालमीत मी तो म्हटला. संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. ऑपरेटर बाई पिंजऱ्यातून खाली उतरली आणि मागे जाऊन पाणी प्यायली. मी तुझ्यासाठी जसाच्या तसा उतरवतो:

"मंडळी, या बाई कोणाचं वाईट चिंतणाऱ्या नाहीत. याच माणसाला त्यांनी कधी आपल्या डब्यातला घास दिला असेल. त्यांना विचारलं, तोच का? त्या म्हणाल्या, तोच असणार. आपण 'असणार' कधी म्हणतो? दार वाजतं, आपण आतूनच म्हणतो, दूधवाला असणार. दार उघडेपर्यंत तो शब्द चालतो. इथे दार कोणी उघडलंच नाही. कागदावर 'असणार'चं 'होता' झालं, आणि तेवढ्यावर एक माणूस गजाआड गेला.

शब्द पोलिसाने बदलला. पण बदलू कोणी दिला? याच्या जागी बाईंचा भाऊ असता, शेजारी असता, तर त्या म्हणाल्या असत्या, थांबा, मी असं म्हणाले नाही. त्या एका शब्दासाठी हुज्जत घालत बसल्या असत्या. या माणसासाठी मात्र तेवढी हुज्जत घालावीशी वाटली नाही. मंडळी, हातात दगड घेतलेला द्वेष आपल्याला लगेच ओळखू येतो. मी आज तुम्हाला दुसरा दाखवतो आहे. तो सभ्य आहे, डबा वाटून खाणारा आहे. त्याच्याकडून फक्त एवढंच होतं, की समोरच्या माणसासाठी एक शब्द दुरुस्त करायची तसदी घेतली जात नाही."

ताई, हे पाठ करताना मी तीस वेळा म्हटलं असेल. पण तुझ्यासाठी हाताने लिहायला बसलो आणि मध्येच थांबलो. हे नाटकातलं नाही. हे तुझं आहे.

तू 'असणार' म्हणालीस आणि त्याने 'होता' लिहिलं. मग तू बोलली का नाहीस? तुला त्याचा चेहरा दिसला होता ना?

तुझा छोट्या


२ मार्च

ताई,

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. परवा न राहवून फोन केला. भावोजींनी उचलला. म्हणाले, "ती बरी आहे, कामात आहे." मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तू तिथेच होतीस.

मी चुकलो असेन तर तसं लिही. शिव्या दे. पण लिही.

छोट्या


५ मार्च

नमस्कार.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तरीही लिहितो आहे, कारण तुमच्या ताईला झोप नाही, जेवण नाही, आणि यामागे तुमची पत्रं आहेत.

अठरा तारखेला तिची साक्ष आहे. मी ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, सही केलेली जबानी कोर्टात फिरवली तर उलट तिच्यावरच खटला होऊ शकतो. खोटी जबानी दिल्याचा. नोकरीचंही सांगता येत नाही. एकवीस वर्षं तिने त्या वाफेत काढली आहेत, तेव्हा कुठे सुपरवायझर झाली. आणि समजा तोच असला तर? हजेरीबाबूंच्या बायकोला कोण तोंड दाखवणार?

तुम्ही हौशी माणूस. भाषण करा, टाळ्या घ्या, आमची ना नाही. पण ते भाषण आमच्या घरात पाठवू नका. राग मानू नये.

आपला,
भावोजी


१० मार्च

छोट्या,

ह्यांनी तुला पत्र घातल्याचं काल सांगितलं. माणूस वाईट नाही, घाबरलाय. मीही घाबरले आहे.

तुझं भाषण आलं त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, बघा आमच्या शहाण्याने माझंच बोलणं नाटकात घातलंय. त्याची कशी चिंधी करते ते ऐका. आणि मोठ्याने वाचायला घेतलं. अर्ध्यापर्यंत छान वाचलं, तुझ्यासारखे हातवारेही केले. 'थांबा, मी असं म्हणाले नाही' तिथे आले आणि आवाजच फुटेना. हे म्हणाले, "पुढे वाच ना." मी पाणी प्यायले, पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडकले. शेवटी ह्यांनी कागद घेतला, घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "नाटकवाल्यांना बोलायला काय जातं!" माझंच वाक्य. पण त्यांच्या तोंडून ऐकवेना.

तू विचारलंस चेहरा दिसला का. नाही दिसला.

आणि तुझ्या वकिलाचं ते आधीचं वाक्य, 'रंग पाहिला, माणूस पाहिला नाही', तेही चूक आहे. काढून टाक. गेले तीन आठवडे मी रोज त्या दारासमोर उभी राहून आठवते आहे. ड्रायरवर काम करताना कानापर्यंत टोपी असते. कोपरापर्यंत हातमोजे असतात, नाहीतर हात भाजतात. निळ्या जॅकेटची कॉलर उभी असते. मला पाठ दिसली, वाफ होती, आणि दार मिटलं. कातडी बोटभरसुद्धा दिसली नव्हती. मला रंगही दिसला नव्हता, छोट्या. अधिकाऱ्याने विचारलं, 'काळा?' आणि मी तिथल्या तिथे त्या पाठीला रंग दिला. तिघांमधला कोणीही असेल, चौथाही असेल. वाईट याचं वाटतं की तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी सही करून ट्रॉल्या मोजायला गेले.

आता आठ दिवस आहेत. मी काय करावं हे तू लिहू नकोस. नुसतं लिही.

ताई


१४ मार्च

ताई,

तू म्हणालीस काय करावं ते लिहू नकोस, पण मला राहवत नाही.

गप्प राहा असं मी म्हणत नाही. पण भावोजींचंही अगदीच चूक नाही. तू स्वतः एकदा वकिलाकडे जा. कोर्टात 'नक्की आठवत नाही' असं म्हणता येतं, ते खोटंही होत नाही आणि अंगावरही येत नाही. त्याचा वकील आहे ना, ते त्याचं काम आहे. सगळं तूच का ओढवून घ्यायचं? नाटकाचं सोड. नाटकात बाई पिंजऱ्यातून उतरते आणि विंगेत जाऊन चहा पिते. तू कुठे जाशील? तुझं काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?

हे लिहितोय आणि समोर वही उघडी आहे. पंचवीस तारखेला पहिला प्रयोग. मला तोंड दाखवायला जागा नाही हे मला कळतंय. तरी पाठवतो.

छोट्या


२० मार्च

छोट्या,

तुझं पत्र सतराला मिळालं. वाचून आधी हसू आलं. तुझा वकील तुझ्यापेक्षा धीट निघाला. रागावले नाही. भाऊ म्हणून लिहिलंस, ते कळलं. पण तोवर माझं ठरलं होतं की नाही, तेही मला सांगता येणार नाही. कोर्टाच्या पायऱ्या चढेपर्यंत मी 'नक्की आठवत नाही' हेच घोकत होते.

खोली तुमच्या नाटकातल्यासारखी नसते. लहान, पंखा आवाज करणारा, एका कोपऱ्यात फायलींचे गठ्ठे आमच्या चादरींसारखे दोरीने बांधलेले. तो कठड्यामागे बसला होता. शिपायाने त्याला त्याच्या खऱ्या नावाने पुकारलं तेव्हा मी इकडेतिकडे बघत राहिले, कोणाला बोलावतायत म्हणून. मग तो उठला. बारीक झालाय. त्याचा वकील कोवळा, सर्दी झालेला, सारखा रुमाल काढत होता. अकरा मिनिटांचं भाषण त्याच्याकडून होणार नाही हे मला बघताच कळलं.

सरकारी वकिलांनी माझी जबानी वाचली. "मी त्यास ओळखते, तोच होता." मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "हे तुमचंच म्हणणं ना?"

'हो' म्हटलं असतं की मी घरी.

मी म्हणाले, "थांबा. मी असं म्हणाले नव्हते."

सरकारी वकिलांनी आता बघितलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, "सही तुमची आहे?"

"हो."

"वाचून दाखवलं होतं?"

"हो."

"मग आता काय म्हणणं आहे?"

"मी 'तोच असणार' म्हणाले होते. लिहिताना 'तोच होता' झालं. मी ऐकलं आणि सही केली."

"का केलीत?"

"तोच असेल यात मला शंकाच आली नाही."

"का नाही आली?"

इथे मला गप्प राहता आलं असतं. ह्यांच्याकडे बघितलं, ते मागच्या बाकावर होते, मान खाली. मी म्हणाले, "बाईसाहेब, मला फक्त पाठ दिसली. टोपी होती, हातमोजे होते. कातडी दिसलीच नाही. काळा आहे का असं विचारलं आणि मी हो म्हणाले. बाकीचे दोघं माझ्या ओळखीचे होते. हा नव्हता. म्हणून हा."

सरकारी वकील उठले. कोणी दबाव आणला का, कोणी भेटलं का, असं पाच-सहा तऱ्हांनी विचारलं. मी म्हणाले, कोणी भेटलं नाही. (तुझं नाव घेतलं नाही. टपाल म्हणजे भेटणं नव्हे.) न्यायाधीश बाईंनी सांगितलं की याचे परिणाम मला भोगावे लागतील, समजतंय का. मी म्हणाले, समजतंय. टायपिस्टने सगळं टाइप केलं आणि कागद पुढे केला. या वेळी मी बसून ओळ न् ओळ वाचली. एका जागी त्याने 'दिसला नाही'च्या ऐवजी 'दिसला' टाइप केलं होतं. मी दुरुस्त करून घेतलं, मगच सही केली. लोक खोळंबले होते. खोळंबू दे म्हटलं.

त्या सर्दीवाल्या वकिलाने प्रश्नांचं एक पान लिहून आणलं होतं. ते त्याच्या हातातच राहिलं.

घरी येताना हे एक अक्षर बोलले नाहीत. काल दिवसभरही नाही. आज सकाळी बुटांची नाडी बांधता बांधता विचारलं, "तुझी तारीख लागेल ती आधी कळेल ना? मला रजा टाकावी लागेल."

लाँड्रीत मला सुपरवायझरकीवरून काढून घड्या घालायच्या टेबलावर बसवलंय. बायका बोलत नाहीत. हजेरीबाबूंच्या घरी गेले होते, त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

पंचवीसला नीट बोल. घाई करू नकोस.

ताई


१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी प्रयोगाच्या आदल्या दिवशी वाचलं आणि मास्तरांना म्हणालो, मला हे काम जमणार नाही. ते म्हणाले, "का?" मी खरं ते सांगितलं. बहिणीला घाबरायला शिकवलं आणि आता स्टेजवर उभा राहून लोकांना धीट व्हा म्हणू? मास्तर म्हणाले, "तुम्ही धीट आहात म्हणून काम दिलं नाही. आवाज चांगला आहे म्हणून दिलं. उभे राहा."

उभा राहिलो. 'रंग पाहिला' ते वाक्य गाळलं, त्या जागी तुझी टोपी आणि हातमोजे घातले. 'थांबा' म्हणताना मी खरंच थांबलो. लोकांना वाटलं अभिनय.

एकशे बारा माणसं होती. सोडा म्हणून शहाऐंशी हात वर झाले. अडकवा म्हणून एकोणीस. बाकीचे हात मांडीवर. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी ते एकोणीस हात बघत राहिलो. चांगले हात होते गं, घड्याळं घातलेले, बांगड्यांचे. प्रयोगानंतर एक गृहस्थ आत आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "काय बोललात! काळजाला भिडलं. पण खरं सांगू का, केलं त्यानेच असणार."

मी हसलो नाही, रडलोही नाही. थँक्यू म्हणालो.

चौदा तारखेचं माझं पत्र फाडून टाक.

छोट्या


१० एप्रिल

छोट्या,

ते पत्र फाडणार नाही. घाबरलेल्या माणसाचं अक्षर कसं दिसतं ते त्यात आहे, आणि तू मला आवडतोस.

त्याला दोन तारखेला सोडलं. माझ्या जबानीखेरीज त्यांच्याकडे काही नव्हतंच. हजेरीबाबू आता खुर्चीत बसतात, पण त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नाही. पडले की पाडलं, कोणालाच सांगता येत नाही. मला नोटीस आली आहे. चौदा मेला हजर व्हायचंय. ह्यांनी रजेचा अर्ज दिला.

काल तो लाँड्रीत आला होता. लॉकरमधलं सामान न्यायला. त्याला आत सोडेनात, म्हणून मी चावी घेतली आणि त्याचा डबा, बूट, एक स्वेटर पिशवीत घालून फाटकाशी नेऊन दिलं. तो येणार हे कळल्यापासून तीन दिवस मी काय बोलायचं ते ठरवत होते, तुझ्यासारखं पाठ केलं होतं. समोर गेल्यावर एवढंच म्हणाले, "माझी चूक झाली."

त्याने पिशवीतले बूट बाहेर काढले, उलटे करून झटकले, परत आत ठेवले. मग म्हणाला, "शहात्तर दिवस." आपली भाषा तो सावकाश बोलतो, पण स्वच्छ बोलतो. मी त्याला एवढंही बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी मान हलवली.

तो म्हणाला, "तुम्ही कोर्टात सांगितलं, पाठ दिसली, कोणाची ते माहीत नाही. ते खरं आहे. पण एक सांगितलं नाही."

"काय?"

"मी कुठे होतो ते."

"मला कसं ठाऊक असणार?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. कसं ते सांगता येत नाही. म्हणाला, "मी तुमच्या मागे होतो. दोन नंबरच्या ड्रायरची जाळी साफ करत होतो, खाली बसून. तुमची ट्रॉली अडली. तुम्ही म्हणालात, बाजूला हो. मी बाजूला झालो. तुम्ही पुढे गेलात, आणि मग ते मागचं दार वाजलं. हे मी पोलिसांना सांगितलं, वकिलांना सांगितलं. सगळे म्हणाले, बाई तसं म्हणत नाहीत."

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

"हो," तो म्हणाला. "मला माहीत आहे."

मग पिशवी खांद्याला लावून गेला. पुन्हा इथे काम करणार नाही म्हणाला.

छोट्या, मी काल संध्याकाळपासून आठवते आहे. ट्रॉली आठवते, तिचं डावं चाक अडायचं तेही आठवतं. ओल्या टॉवेलांचा वास आठवतो. 'बाजूला हो' मी दिवसातून शंभरदा म्हणते, तेव्हाही म्हणाले असेन. पण तिथे कोणी बसलं होतं का, ते डोळ्यांसमोर येत नाही. चौदा मेला मी हे सांगणार आहे. विचारलं नाही तरी सांगणार आहे.

आज सगळ्या जेवायला गेल्यावर मी दोन नंबरच्या ड्रायरपाशी जाऊन खाली बसले, तो बसला असेल तशी. मग उठून मी जिथे उभी होते तिथपर्यंत चालत गेले. चार पावलं आहेत.

ताई